भौतिकोपचारतज्ज्ञांचे संवादकौशल्य आणि कार्यसमाधान

रुग्णाचे व त्याच्या घरच्यांचे ऐकून घेण्याची, उपचार शब्दांतून, स्पर्शातून व प्रात्यक्षिकातून समजावण्याची आणि सहकारी डॉक्टरांशी नेमके बोलण्याची भौतिकोपचारतज्ज्ञाची (फिजिओथेरपिस्टची) क्षमता आणि त्याला स्वतःच्या कामातून मिळणारे समाधान यांतील संबंध. हा संबंध या व्यवसायात विशेष घट्ट असतो. कारण उपचाराचा मोठा भाग रुग्णाने घरी स्वतः करावयाचा असतो आणि तो पटला नाही, तर तज्ज्ञाचे कसबही वाया जाते.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत याचे स्वरूप ठळकपणे दिसते. यंत्राने शेक किंवा ‘करंट’ घेतला की दुखणे जाईल, अशी अपेक्षा धरून रुग्ण येतो. व्यायाम सांगितला की ‘शेतात दिवसभर कामच करतो, अजून कसला व्यायाम?’ असे विचारतो. त्यावर हसून विषय सोडणे सोपे असते. कुशल तज्ज्ञ मात्र वाकून खुरपताना कमरेवर येणारा ताण आणि स्नायूंना बळ देणारी हालचाल यांतील फरक त्याच्याकडूनच करवून दाखवतो आणि निघण्यापूर्वी सांगितलेला व्यायाम त्याला पुन्हा करावयास लावतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघून जातो, त्यामुळे दोन-तीन भेटींतच महिनोन्‌महिने पुरेल असे सांगावे लागते. अर्धांगवायूच्या रुग्णाबाबत बोलणे त्याच्या सुनेशी किंवा मुलाशीच अधिक होते. हात पूर्ववत होईल का, या त्यांच्या प्रश्नाला खोटी आशा न दाखवता उत्तर देणे हा सर्वांत अवघड भाग होय.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या १९५९ मधील मांडणीनुसार वेतन व कामाची परिस्थिती यांमुळे असमाधान टळते, तर प्रत्यक्ष समाधान यश, कदर आणि कामाचे स्वरूप यांतून येते. रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत येतो, तेव्हा तज्ज्ञाला या तिन्हींचा लाभ होतो. मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांच्या कार्यसमाधान मोजणाऱ्या १९८५ मधील ३६ विधानांच्या प्रश्नावलीत ‘संवाद’ हा नऊ घटकांपैकी एक आहे; परंतु तेथे संस्थेतील अंतर्गत संवाद अभिप्रेत आहे, हे पुष्कळदा नजरेआड होते. डॉक्टरांकडून रोगाचे निदान न लिहिता केवळ ‘शेक द्यावा’ अशी चिठ्ठी येणे हे अशा संवादाच्या अभावाचे उदाहरण होय. अपुरे वेतन आणि रुग्णांची रांग यांची भरपाई गोड बोलण्याने होत नाही. उलट दिवसभर इतरांच्या वेदना ऐकणाऱ्यास विश्रांती न मिळाल्यास भावनिक थकवा येतो आणि बोलणे तुटक होऊ लागते.