गरम फुग्याचा उपचार म्हणजे नसबंदी नव्हे

पाळीत अंगावरून फार जात असेल तर नागपुरात महालापासून धरमपेठेपर्यंत एक सल्ला हमखास ऐकू येतो: 'गरम फुग्याने पिशवी आतून जाळून घ्या, मग मूल राहायची भीतीच नाही.' यातला दुसरा भाग चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

या उपचारात एक मऊ फुगा योनीमार्गे गर्भाशयात सरकवतात, त्यात द्रव भरतात आणि तो सुमारे 87 अंशांपर्यंत तापवून साधारण 8 मिनिटे तसाच ठेवतात, त्यामुळे आतले अस्तर नष्ट होते. गर्भाशय, बीजवाहिन्या आणि बीजकोश मात्र जागेवरच राहतात; बीज दर महिन्याला सुटत राहते, म्हणून या उपचाराने रजोनिवृत्ती येत नाही. पाळी कित्येकींची थांबते, सगळ्यांची नाही.

गर्भ क्वचित राहतो, पण राहिलाच तर त्याला रुजायला धड अस्तर नसते. गर्भपात, वार गर्भाशयाला घट्ट चिकटणे, प्रचंड रक्तस्राव असे धोके उभे राहतात. म्हणूनच पुढे मूल हवे असणाऱ्या स्त्रीने हा उपचार घेऊ नये, आणि घेतलेल्या स्त्रीने रजोनिवृत्तीपर्यंत गर्भनिरोधनाची सोय ठेवलीच पाहिजे. अस्तराचा तुकडा तपासून कर्करोग नसल्याची खात्रीही आधीच करून घ्यावी लागते.