ध्वनिजादू (कल्पित विश्वरचना)

ध्वनिजादू म्हणजे कल्पित जगातली अशी जादू जी उच्चार, सूर, ताल किंवा नुसत्या आवाजावर चालते. कांडी, मुळी, रक्त, लिंबू यातलं काही लागत नाही, लागलंच तर दुय्यम. फॅन्टसी लिहिणारे आणि गेम बनवणारे हिला साउंड मॅजिक म्हणतात. मराठीत मंत्रविद्या, नादविद्या असे जुने शब्द आहेत पण त्यांना धार्मिक वजन आहे, म्हणून इथे हा साधा शब्द घेतलाय. अशी जादू रचायला बसलेला माणूस बहुतेक वेळा आधी सात सुरांचं कोष्टक करतो, सा म्हणजे माती, रे म्हणजे पाणी वगैरे, आणि दोन प्रश्न तसेच राहतात: काम आवाज करतो की अर्थ, आणि चुकलं तर कोणाचं काय होतं. या दोन्हीवर भारतीय परंपरेत भरपूर भांडण झालंय, त्यामुळे नोंदीचा मोठा भाग तिथेच जाणार आहे.

चुकीचा उच्चार : सगळ्यात जास्त दिलं जाणारं उदाहरण इंद्रशत्रूचं. इंद्राने त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप मारला, त्वष्ट्याने चिडून उरलेला सोम अग्नीत ओतला आणि म्हणाला 'स्वाहा, इंद्रशत्रु वाढ', त्यातून वृत्र उभा राहिला आणि शेवटी इंद्राच्याच हातून मेला. कारण 'इंद्रशत्रु' हा समास दोन तऱ्हांनी सुटतो. उदात्त, म्हणजे चढा स्वर, शेवटच्या अक्षरावर दिला तर तत्पुरुष, म्हणजे इंद्राचा शत्रू, त्याला मारणारा. पहिल्या अक्षरावर दिला तर बहुव्रीही, म्हणजे इंद्र ज्याचा मारणारा आहे असा. त्वष्ट्याचा उदात्त पहिल्या अक्षरावर पडला. अक्षर एकही बदललं नाही, आवाज फक्त चुकीच्या जागी चढला आणि मंत्र उलटला.

आता एक गोष्ट ही कथा सांगताना जवळपास सगळेच गाळतात. तैत्तिरीय संहिता आणि शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथांत ही कथा आहे, पण तिथे स्वराचं नावसुद्धा निघत नाही. शतपथाचं म्हणणं एवढंच की त्याने 'इंद्रस्य शत्रुः' असं सुटं म्हटलं असतं तर वृत्रानेच इंद्राला मारलं असतं, म्हणजे दोष शब्दरचनेचा. स्वराचा अपराध असं उघड येतं ते पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथातल्या एका श्लोकात (साधारण इ.स.पू. दुसरं शतक धरतात, पुढेमागे करणारेही आहेत). तोच श्लोक पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात थोड्या फरकाने आहे, भाष्यात सुरुवात 'दुष्टः शब्दः' अशी, शिक्षेत 'मन्त्रो हीनः' अशी. शिक्षा खुद्द पाणिनीची मानली तर तिचा पाठ आधीचा ठरतो, पण आज मिळते ती शिक्षा बरीच नंतरची असावी हे मत जास्त पटण्यासारखं आहे, तेव्हा भाष्याचा पाठ आधी धरलेला बरा.

विश्वरचनेच्या दृष्टीने श्लोकातला खरा माल वेगळाच आहे: चुकीचा शब्द वाग्वज्र, म्हणजे वाणीचं वज्र, होऊन यजमानाला मारतो. यजमानाला! मंत्र म्हणणारा पुरोहित म्हणजे ऋत्विज, दक्षिणा देणारा यजमान, चूक पहिल्याची आणि मार दुसऱ्याला. चुकीचा फटका जादूगारालाच बसतो हा नियम कल्पित जगांत इतका सरसकट झालाय की ही मांडणी एकदम ताजी वाटते, कारण मग पैसे देणारा माणूस जादूगार ठेवताना दहा वेळा परीक्षा घेईल, शेजारी दुसरा जाणकार बसवेल. यज्ञात ब्रह्मा नावाचा ऋत्विज बहुतेक वेळ गप्प बसून चूक राहिली का हेच बघतो, त्याचं काम तेच.

चूक होऊच नये म्हणून वेदपाठाच्या पद्धती आल्या. पदपाठात शब्द सुटे, क्रमपाठात दोन दोन. जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, परत पहिला-दुसरा. घनपाठात एक-दोन, दोन-एक यांच्यापुढे एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. अशा उलटसुलट पाठांना विकृती म्हणतात, त्या एकूण ८ सांगतात: जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन. कॉम्प्युटरवाले याला एरर चेकिंग म्हणतील आणि ते फार चूक नाही.

आवाज की अर्थ : यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ लावणाऱ्या ग्रंथात, कौत्स नावाच्या आचार्याचं मत दिलंय की मंत्र अनर्थक आहेत, त्यांना अर्थच नाही. त्याचा एक मुद्दा असा की शब्द आणि त्यांचा क्रम ठरलेला, बदलता येत नाही, आणि साधं बोलणं असं नसतं. यास्काने मुद्देसूद उत्तर दिलं आणि वर टोलाही हाणला, की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. वेदातल्या विधींचा अर्थ लावणारे मीमांसकही यास्काच्याच बाजूचे. विसाव्या शतकात संस्कृतचे अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांनी, ज्यांनी १९७५ साली केरळात पांजाळला झालेल्या अग्निचयन या वैदिक यज्ञाचा अभ्यास केला, पुन्हा कौत्सासारखीच बाजू लावून धरली आणि मंत्रांची तुलना पक्ष्यांच्या गाण्याशी केली. अर्थाची बाजू शास्त्रात जिंकली असं म्हणता येईल, लोकांत मात्र कौत्स जिंकला.

पुरावा शाबरी मंत्रांचा. हे संस्कृत नसतात, बोलीत असतात, मधेच देवांच्या आणा, मधेच गुरूची दुहाई, आणि बरेच शब्द कशाचेच नसलेले. तुलसीदासांनी सोळाव्या शतकात नेमकं हेच म्हटलंय की अक्षरं बेमेळ, अर्थ नाही, जप नाही, तरी शिवाच्या प्रतापाने परिणाम दिसतो. मराठीत ही विद्या घरोघर पोचली ती मालू कवीच्या नवनाथ भक्तिसारामुळे (शके १७४१, म्हणजे १८१९). त्यातली गहिनीनाथांची जन्मकथा ध्वनिजादू रचणाऱ्याने शांतपणे वाचावी अशी आहे. गोरख संजीवनी मंत्र पाठ करत बसलाय, गावातली पोरं चिखलाची गाडी करतायत, त्यांना गाडीवान जमेना म्हणून ती गोरखाकडे येतात. तो तोंडाने पाठ चालू ठेवून हाताने चिखलाचा माणूस करायला घेतो, आणि पुतळा रडायला लागतो. मनात कसलीही इच्छा नव्हती, पाठांतर चालू होतं एवढंच. इच्छा लागत नसेल तर मग विद्यार्थ्याने सराव कुठे करायचा, झोपेत बडबडणाऱ्याचं काय, पोपटाचं काय, असे प्रश्न पडायला लागतात आणि तिथून जग उभं राहतं.

मराठीतच मंत्र रचायचे तर एक सोय आयती आहे. च, ज, झ यांचे आपल्याकडे दोन दोन उच्चार, लिपीत खूण एकच. 'चार' मधला च तालव्य, 'चारा' मधला दंततालव्य. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, कागदावर दोन्ही सारखेच. म्हणजे पोथी चोरून उपयोग नाही, कोणाच्या तरी तोंडून ऐकावंच लागणार.

हळू आवाज : जोरात ओरडलं की जादू मोठी हा बहुतेक गेम्सचा हिशोब. परंपरेचा हिशोब बरोबर उलटा. मनुस्मृतीत विधियज्ञाहून, म्हणजे विधीने केलेल्या यज्ञाहून, जप १० पट, ओठातल्या ओठात केलेला उपांशु जप १०० पट आणि मानस जप १००० पट श्रेष्ठ सांगितलाय. वाणीचे थरही तसेच, वैखरी, म्हणजे तोंडाने बोललेली, सगळ्यात वरची आणि ढोबळ, मग आत आत सूक्ष्म होत मध्यमा, मग पश्यंती. परा हा चौथा थर वैयाकरण भर्तृहरीच्याच मनात होता की काश्मीरच्या शैवांनी नंतर चढवला यावर वाद आहे; त्याच्या वाक्यपदीयात तीनच मोजलेत, त्यामुळे दुसरं मत बरं वाटतं. पण मनातल्या मनात म्हटलेल्या मंत्राला ध्वनिजादू म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

भौतिक बाजू : २० अंश सेल्सियसच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर लांबच्या शत्रूला मंत्र पोचायला जवळपास ३ सेकंद, तेवढ्यात तो बाजूला होईल. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलने पडते. पाण्यात वेग चौपटीहून जास्त. बंद घुमटात वेगळाच खेळ, विजापूरच्या गोल घुमटात वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं आणि टाळी परत परत ऐकू येते. तिथे एकदा म्हटलेला मंत्र किती वेळा लागू व्हायचा?

इतरत्र : जुन्या नॉर्स भाषेत मंत्राला 'गाल्ड्र', मूळ धातू गाण्याचा. लॅटिन 'कार्मेन' म्हणजे गाणंही आणि मंत्रही. फिनलंडच्या लोककाव्यात एक म्हातारा गवई प्रतिस्पर्ध्याला नुसतं गाऊन दलदलीत रुतवतो. आपल्याकडे तानसेनाचा दीपक राग आणि त्याने अंगात उठलेला दाह शमवणाऱ्या वडनगरच्या ताना-रीरी, पण ती दंतकथा समजून घ्यावी.

तोड : जादू आहे तिथे तोड लागतेच. सोपे उपाय म्हणजे तोंड बांधणं, कानात कापूस, ढोल बडवून मंत्र बुडवणं. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकांचा मंत्र उघड सांगितला की त्याची ताकद जाते असं मानतात, म्हणजे गुपित फोडणं हीच तोड. (कथेबाहेर मात्र विंचू किंवा साप चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र घालणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.) घरच्या पूजेतली घंटा याच खात्यात धरायला हरकत नाही, तिच्या श्लोकात म्हटलंय की हा नाद देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून. एकच टण्ण, शब्द नाही, समास नाही, उदात्त-अनुदात्त नाही, आणि ती वाजवायला बहुतेक घरात सगळ्यात लहान पोरालाच देतात.