गिधाड, मूल आणि व्हॉट्सॲपवरची गोष्ट

तिथे दोन गिधाडं होती, एकाच्या हातात कॅमेरा होता, हा फॉरवर्ड अधूनमधून उगवतोच. सुदानच्या दुष्काळात भुकेने वाकलेलं मूल आणि मागे टपलेलं गिधाड, या गाजलेल्या फोटोबद्दलचा. त्यातली मुलगी मेली आणि फोटो काढणाऱ्या दक्षिण आफ्रिकन छायाचित्रकार केविन कार्टरने अपराधी वाटून जीव दिला, असा त्याचा मथितार्थ.

फोटो मार्च १९९३ चा, अयोद गावातला. मूल कुणी टाकून दिलेलं नव्हतं. मदतीचं विमान उतरलं होतं आणि घरची माणसं धान्य घ्यायला धावली होती. मनगटावरचा पट्टा नीट पाहा. मदत केंद्रात नोंद झालेल्या मुलांना तो बांधत. कार्टरने गिधाड हाकललं. मुलाला उचलून केंद्रात मात्र नेलं नाही, त्यामुळे त्याने मदत केली नाही ही टीका अगदीच पोकळ नाही.

२०११ मध्ये स्पेनच्या ‘एल मुंडो’ दैनिकाने माग काढला. ती मुलगी नव्हतीच, मुलगा होता, आणि त्या दुष्काळातून वाचला होता. पुढे, २००७ च्या सुमारास, तापाने गेला.

कार्टरची आत्महत्या जुलै १९९४ मधली, या फोटोला पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार जाहीर झाल्यावर तीनेक महिन्यांनी. चिठ्ठीत पैशांची चणचण आहे, डोळ्यांपुढून न हटणारी प्रेतं आहेत आणि एप्रिलमध्ये गोळी लागून गेलेला छायाचित्रकार मित्र केन आहे.