दातांच्या डिजिटल नोंदी: अर्ज कोणी व कसा करावा, आणि त्या न्यायालयात ग्राह्य ठरण्यासाठी काय लागते

आगीत, अपघातात किंवा पाण्यात बराच काळ राहिल्यामुळे मृतदेहाची ओळख चेहऱ्यावरून पटत नाही, तेव्हा इंटरपोलच्या कार्यपद्धतीनुसार बोटांचे ठसे, डीएनए आणि दात ही ओळखीची तीन प्राथमिक साधने मानली जातात. डीएनएच्या तुलनेसाठी जवळच्या नातेवाइकाचा नमुना घेता येतो. दातांच्या तुलनेसाठी मात्र त्या व्यक्तीच्या हयातीतला एक्स-रे, साचा किंवा उपचारांची नोंद कोणातरी दंतवैद्याने जपून ठेवलेली असावी लागते. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघातात मृतांची ओळख प्रामुख्याने डीएनएवरून पटवावी लागली. हयातीतल्या दंतनोंदी सहज हाती येत असत्या, तर तपासाला आणखी एक भक्कम आधार मिळाला असता.

या नोंदी मागण्याचा पहिला अधिकार अर्थातच रुग्णाचा आहे. रुग्ण अज्ञान (अल्पवयीन) असल्यास आई-वडील किंवा पालक, रुग्ण स्वतः येऊ शकत नसल्यास त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती, आणि कायदेशीर कारणासाठी सक्षम अधिकारी यांनाही त्या मागता येतात. रुग्णाचे केस पेपर गोपनीयतेच्या नावाखाली रुग्णापासून किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांपासून अडवून ठेवता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे. भारतीय दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहिता विनियमांनुसार नोंदी उपचार सुरू झाल्याच्या दिनांकापासून किमान तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागणी झाल्यावर, पोच घेऊन, ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. नोंदींचे संगणकीकरण करण्याचा प्रयत्न करावा, असेही हे विनियम सांगतात.

अर्ज साध्या कागदावर, दवाखान्याच्या प्रमुखाच्या नावे करावा. त्यात रुग्णाचे पूर्ण नाव, जन्मदिनांक, नोंदवलेला मोबाइल क्रमांक, उपचारांचा अंदाजे कालावधी आणि मागणीचे कारण लिहून प्रतींचा खर्च देण्याची तयारी नमूद करावी. सोबत अर्जदाराचे ओळखपत्र आणि उपलब्ध असल्यास जुनी पावती किंवा चिठ्ठी जोडावी. प्रतिनिधीने अधिकारपत्र, पालकाने मुलाचा जन्मदाखला, तर मयताच्या नातेवाइकाने मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा. ओळखच पटायची असल्यामुळे मृत्यूचा दाखला नसेल, तर बेपत्ता व्यक्तीच्या पोलिस नोंदीची प्रत जोडून अर्ज पोलिस ठाण्यामार्फत करणे अधिक योग्य. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर दिनांकासह पोच घेतल्याशिवाय परतू नये, कारण ७२ तासांची मोजणी त्या पोचेवरूनच दाखवता येते.

पोलिसांचा मार्ग वेगळा आहे. अनैसर्गिक मृत्यूचा तपास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ खाली होतो, आणि कागदपत्रे हजर करण्याचा लेखी आदेश ठाण्याचा प्रभारी अधिकारी कलम ९४ खाली काढू शकतो. दंतवैद्याने आदेशाची प्रत ठेवावी, दिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करून पोच घ्यावी आणि स्वतःजवळ प्रमाणित प्रत राखावी. केवळ फोनवरच्या विनंतीवरून काहीही देऊ नये.

नेमके काय मागावे, हा भाग सर्वाधिक महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो. अनेक दवाखान्यांत आरव्हीजी (एकदोन दातांचा डिजिटल एक्स-रे) किंवा ओपीजीचा (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) फोटो मोबाइलवर काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि मूळ फाइल यथावकाश पुसली जाते. अशा चित्राचा दर्जा खालावतो, आणि ते कोणत्या यंत्रावर व कधी काढले हेही फाइलवरून सिद्ध होत नाही. म्हणून अर्जात मूळ डायकॉम फाइल (वैद्यकीय चित्रे तपशिलासह साठवण्याचे प्रमाणित स्वरूप), दोन अंकी दंतक्रमांकांसह भरलेला दातांचा तक्ता, रूट कॅनाल, कॅप व भरलेल्या दातांचा तपशील, इम्प्लांटची कंपनी व क्रमांक, संमतीपत्र आणि असल्यास दातांचे साचे यांची नावानिशी मागणी करावी. तपासकामी केवळ ‘दात भरला’ एवढी नोंद फारशी उपयोगाची नसते. कोणत्या दाताची कोणती बाजू, कोणत्या पदार्थाने आणि कोणत्या दिवशी भरली, हे लिहिलेले असले तरच तुलना होऊ शकते. नोंदीत नंतर दुरुस्ती केल्यास जुना मजकूर न पुसता दुरुस्तीचा दिनांक व करणाऱ्याचे नाव दिसेल अशीच संगणकप्रणाली दवाखान्याने निवडावी.

आता प्रमाणपत्राविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून देताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा भाग ‘अ’ संबंधित यंत्र किंवा नोंदी ज्याच्या ताब्यात आहेत त्याने, आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो. यंत्राचा प्रकार, मॉडेल, अनुक्रमांक आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेली अंक-अक्षरांची ओळखखूण) ही माहिती त्यात येते. फाइलमध्ये किंचितही बदल झाला तर हॅश मूल्य बदलते, म्हणून प्रत देतानाच ते काढून पोचेवर लिहून ठेवणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालना विधानसभा निवडणुकीशी संबंधित खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात निश्चित केली. प्रमाणपत्र मागूनही मिळाले नाही, तर ते हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडे मागता येतो, हेही त्याच निकालात आहे. त्यामुळे नोंदींच्या अर्जातच प्रमाणपत्राची लेखी मागणी करून ठेवावी.

तीन वर्षांची मुदत ही किमान मर्यादा आहे आणि ती माझ्या मते फारच अपुरी आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार सामान्यतः दोन वर्षांत करावी लागते, पण अज्ञान रुग्णाच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजली जाते. आणि व्यक्ती बेपत्ता कधी होईल, याला तर मुदतच नाही. डिजिटल नोंदीला कपाटातली जागा लागत नाही, म्हणून दवाखान्याने त्या पासवर्डच्या संरक्षणात, दुसऱ्या ठिकाणी बॅकअप ठेवून, शक्य तितकी वर्षे जपाव्यात. दवाखाना बंद करताना किंवा विकताना नोंदी कोणाच्या ताब्यात गेल्या, हे रुग्णांना लेखी कळवावे.

मुदतीत नोंदी न मिळाल्यास अर्जाची पोच व पाठपुराव्याचे पत्र जोडून महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे, गोव्यात गोवा राज्य दंत परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते. तक्रारीत दंतवैद्याचे नाव, नोंदणी क्रमांक माहीत असल्यास तो, दवाखान्याचा पत्ता आणि कोणत्या नोंदी दिल्या नाहीत याचा तपशील द्यावा.