सूर्याच्या तेजातील चढउतार : सूर्यसदृश ताऱ्यांशी तुलना

सूर्याकडून येणाऱ्या एकूण प्रारणात काही मिनिटांपासून अनेक दशकांपर्यंतच्या कालावधींत अल्प फेरबदल होत असतात. वस्तुमान, पृष्ठीय तापमान, वय व परिवलनकाल (स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करण्यास लागणारा काळ) या बाबतींत सूर्याशी मिळत्याजुळत्या ताऱ्यांमधील फेरबदलांशी त्यांची तुलना करून, सूर्य हा आपल्या वर्गातील सर्वसामान्य तारा आहे की अपवादाने शांत आहे, हे ठरविण्याचे प्रयत्न मुख्यतः १९८० नंतरच्या काळात झाले आहेत. रूपविकारी म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या रूढ वर्गीकरणात सूर्याची गणना होत नाही, कारण सौर डागांची संख्या सुमारे ११ वर्षांत वाढून पुन्हा घटते त्या चक्राबरोबर होणारा त्याच्या तेजातील चढउतार जेमतेम ०.१ टक्का इतकाच असतो.

पृथ्वीच्या सरासरी अंतरावर सूर्याचे प्रारण दर चौ. मीटरला सुमारे १,३६१ वॉट इतके असते. या राशीला सौर स्थिरांक हे नाव पडले ते ती बदलत नाही अशा समजुतीने. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स ग्रीली ॲबट यांनी पर्वतमाथ्यांवरील वेधांच्या आधारे तिच्यातील बदल दाखविण्यासाठी अनेक दशके खर्ची घातली. परंतु वातावरणामुळे येणारी चूक शोधावयाच्या बदलापेक्षा मोठी असल्याने त्यांचे निष्कर्ष टिकले नाहीत. नोव्हेंबर १९७८ मध्ये निंबस-७ उपग्रहावरील मापकाने सलग नोंदी सुरू झाल्या आणि हा बदल निर्विवादपणे हाती लागला. पुढे बरीच वर्षे १,३६६ वॉटच्या आसपासचा आकडा प्रचलित होता. २००३ मध्ये सोडलेल्या सॉर्स उपग्रहावरील मापकाने तो सुमारे ५ वॉटने कमी दाखविला, आणि आधीच्या उपकरणांत इतस्ततः विखुरलेला प्रकाशही मोजला जात होता असे पुढील तपासणीत दिसून आले. ही चूक मूळ मूल्यातील असल्याने सापेक्ष चढउतारांच्या अभ्यासाला तिची फारशी बाधा येत नाही.

या चढउतारांचे कारण पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्रांत आहे. सौर डाग सभोवतालापेक्षा थंड असल्याने प्रकाश घटवितात, तर त्यांच्या अवतीभोवती व इतरत्र पसरलेली उजळ क्षेत्रे तो वाढवितात. ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस डागांचे प्रचंड समूह सूर्यबिंबावरून सरकत असताना एकूण प्रारण काही दिवस सुमारे ०.३ टक्क्याने खाली गेले होते, म्हणजे संपूर्ण चक्रातील चढउताराच्या तिपटीने. दिवसांच्या हिशेबात डागांचा परिणाम असा ठळक दिसत असला, तरी वर्षांच्या हिशेबात उजळ क्षेत्रांची सरशी होते आणि डाग सर्वाधिक असतात त्याच वर्षांत सूर्य किंचित अधिक तेजस्वी असतो.

ताऱ्यांच्या बाबतीत पहिला मोठा आधार ओलिन विल्सन यांनी मौंट विल्सन वेधशाळेत १९६६ मध्ये सुरू केलेल्या निरीक्षणांचा आहे. मात्र त्यांत मोजले गेले ते तेज नव्हे, तर वर्णपटातील आयनीभूत कॅल्शियमच्या दोन रेषांमधील उत्सर्जन. ते चुंबकीय सक्रियतेचे निदर्शक असते. तेजाचे काटेकोर मापन लोवेल वेधशाळेत वेस लॉकवुड, ब्रायन स्किफ व रिचर्ड रॅडिक यांनी १९८४ पासून केले. अभ्यासावयाचा तारा आणि त्याच्या जवळपासचे दोन-तीन तारे आळीपाळीने मोजून त्यांच्यातील फरक काढणे, ही त्यांची पद्धती होय. यात वातावरणाचा परिणाम बव्हंशी वजा होतो. पण शेजारचा ताराच बदलत असेल तर दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी एकापेक्षा अधिक शेजारी लागतात. अशी वर्षानुवर्षांची जोखीम पाहता हे काम चिकाटीचा नमुनाच म्हणावा लागेल. त्यातून दिसले ते असे, की तरुण व अतिसक्रिय तारे सक्रियता वाढताच मंद होतात, म्हणजे तेथे डागांचे वर्चस्व असते; सूर्याच्या वयाचे तारे मात्र सूर्याप्रमाणेच उजळतात.

याच निरीक्षणांवरून १९९० च्या सुमारास असे सुचविण्यात आले, की सक्रियतेच्या मानाने सूर्याचे तेज अपेक्षेपेक्षा दोन-तीन पटींनी कमी बदलते. यात एक अडचण आहे. ताऱ्यांची मापने ४६७ व ५४७ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यांत होतात, सूर्याची सर्व तरंगलांबी धरून; त्यामुळे तुलनेपूर्वी रूपांतर करावे लागते आणि त्यात गृहीतके येतात. आपण सूर्याकडे जवळजवळ त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीतून पाहतो, हेही एक कारण सुचविले गेले होते. ध्रुवाच्या बाजूने पाहिल्यास डाग बिंबाच्या कडेकडे जातात व उजळ क्षेत्रांचा वाटा वाढतो. परंतु नंतरच्या गणनांनुसार एवढ्याने सगळी तफावत भरून निघत नाही.

केप्लर या अवकाशातील दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात दीड लाखांहून अधिक ताऱ्यांचे तेज सलग मोजल्यावर वाद नव्या पायावर गेला, पण मिटला नाही. गिबोर बसरी व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील विश्लेषणात सूर्यसदृश ताऱ्यांपैकी केवळ पाव ते एक तृतीयांश तारे सूर्यापेक्षा सक्रिय ठरले. त्याआधी एमी मॅक्विलन व सहकाऱ्यांनी हेच प्रमाण सुमारे ६० टक्के काढले होते. सामग्री एकाच दुर्बिणीची असताना एवढा फरक पडला तो मुख्यतः उपकरणाचा गोंगाट वजा करण्याच्या रीतीमुळे आणि सूर्यसदृश कोणास म्हणावे या निवडीमुळे.

मे २०२० मध्ये टिमो राइनहोल्ड व सहकाऱ्यांनी ५,५०० ते ६,००० केल्विन तापमानाचे आणि २० ते ३० दिवसांत एक परिवलन करणारे ३६९ तारे निवडले. त्यांच्या चढउतारांचे मध्यगत मूल्य सुमारे ०.३६ टक्का, तर सूर्याचे ०.०७ टक्का, म्हणजे जवळपास पाचपट फरक निघाला. यावरून सूर्य असामान्य ठरतो असा अर्थ घेतला जातो. तो जपून घ्यावयास हवा. केप्लरच्या नोंदींतून परिवलनकाल काढता येतो तो तेज ठराविक काळाने पुन्हापुन्हा वरखाली होत असेल तरच. सूर्यावरील बहुतेक डाग एक फेरी पूर्ण होण्याआधीच विरतात. त्यामुळे तशाच दुर्बिणीने दुरून पाहिल्यास त्याचा परिवलनकाल बहुधा हाती लागला नसता आणि तो या ३६९ मध्ये मोडलाच नसता. परिवलनकाल न सापडलेल्या अडीच हजारांहून अधिक ताऱ्यांचा जो दुसरा गट त्याच अभ्यासात आहे, त्यांचे चढउतार सूर्याशी बरेच जुळतात. हा गट खरोखर सूर्याच्याच गतीने फिरतो की नाही, हा प्रश्न मात्र उरतो. अधिक चंचल ताऱ्यांची अवस्था सूर्यालाही अधूनमधून प्राप्त होत असावी, हा पर्याय मोकळा असला तरी कार्बन-१४ व बेरिलियम-१० (सौर सक्रियतेनुसार पृथ्वीच्या वातावरणात कमीअधिक प्रमाणात तयार होणारे अणू) यांच्या सुमारे ९,००० वर्षांच्या नोंदींत तसा पुरावा मिळत नाही. वयपरत्वे ताऱ्यांचे चुंबकीय गतिरोधन, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे परिवलन मंदावण्याची क्रिया, क्षीण होते आणि सूर्य अशाच संक्रमणातून जात आहे, असे एक मत आहे.

एकेका ताऱ्याची उदाहरणे थोडी आहेत. वृश्चिकेतील १८ स्कॉर्पिआय या सूर्याशी अगदी मिळत्याजुळत्या ताऱ्याचे चक्र सुमारे ७ वर्षांचे असून त्याचे तेज ०.०९ टक्क्याच्या आसपास बदलते, म्हणजे सूर्याइतकेच. याउलट एचडी १७३७०१ या ताऱ्यात जड मूलद्रव्ये सूर्याच्या सुमारे दुप्पट असून त्याच्या चक्राचा जोर सूर्यचक्राहून स्पष्टपणे अधिक आहे. रासायनिक घडणीचा वाटा किती, हे त्यावरून पडताळता येते.

या तुलनेचा उपयोग १६४५ ते १७१५ या माँडर किमानाच्या (सूर्यावर डाग फारच विरळ दिसत असलेल्या) काळातील सूर्यतेजाच्या अनुमानासाठीही करण्यात आला. मौंट विल्सन येथील ताऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तारे तशा निद्रिस्त अवस्थेत आहेत, असे १९९० मध्ये मांडले गेले, आणि त्या आधारे १७ व्या शतकापासून सूर्याचे तेज ०.२४ टक्का वाढले असे अनुमान १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. २००४ मध्ये जेसन राइट यांनी दाखवून दिले, की निद्रिस्त समजलेल्या ताऱ्यांपैकी बहुतेक तारे मुख्य क्रम (सूर्यासारखी दीर्घ स्थिर अवस्था) सोडून पुढे गेलेले, आकाराने फुगू लागलेले तारे आहेत. त्यानंतरच्या अनुमानांत ही वाढ बरीच कमी धरली जाते.