प्रोजेस्टेरॉनची गोळी लिहून दिलीय? मग हा कागद घरी न्या

ताई, नमस्कार. चिठ्ठी घेऊन दादा आले असतील तर दादा तुम्हालाही, फक्त हा कागद पिशवीच्या तळाशी राहू देऊ नका, जिची गोळी आहे तिच्या हातात द्या.

भुसावळातलं आमचं छोटं मेडिकल, आम्ही नवराबायकोच बसतो, दोघंही फार्मसी शिकलेले. हा कागद छापायचं कारण सांगते. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी दुसऱ्यांदा तीच स्ट्रिप घ्यायला आली, सहज विचारलं काही त्रास नाही ना होत, तर म्हणाली झोप फार येते हो, पोळ्या लाटतालाटता डुलकी लागते. चिठ्ठी बघितली तर डॉक्टरांनी खालून, म्हणजे योनीमार्गात, ठेवायला लिहिलेली आणि ही पंधरा दिवस पाण्याबरोबर गिळतेय. पहिल्या वेळेस गोळ्या सासरे घेऊन गेले होते, काउंटरवर चार गिऱ्हाईकं उभी, त्यांना 'खालून ठेवायची' हे सांगायला आमचीच जीभ रेटली नाही, आणि त्यांनी तरी सुनेला काय सांगायचं. चूक आमची होती. आता तोंडी जे राहून जातं ते ह्यात लिहिलंय.

आधी ही गोळी कसली ते. अंडाशयातून बीज बाहेर पडलं की त्याच जागी एक छोटी पिवळसर गाठ तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवते. त्याने गर्भपिशवीचं अस्तर टिकून राहतं आणि पिशवीचे स्नायू सैल राहतात. गरोदरपणाच्या साधारण 8 ते 10 आठवड्यांपर्यंत वार हे काम स्वतःकडे घेते, मग त्या गाठीची गरज संपते. म्हणून कुणाची गोळी 10-12 आठवड्यांना बंद होते, कुणाची 16 पर्यंत चालते, ज्याच्या त्याच्या कारणावर आहे. जावेची तिसऱ्या महिन्यात बंद झाली म्हणून तुमचीही होईल असं नाही.

पाकिटावर 'नॅचरल' लिहिलेलं बघून बऱ्याच जणी विचारतात आयुर्वेदिक आहे का. नाही. सोयाबीन किंवा एका जातीच्या कंदातून कच्चा माल घेऊन कारखान्यात बनवतात, नॅचरल म्हणायचं कारण इतकंच की अंगात बनणारं हार्मोन आणि हे अगदी एकच आहे. सस्टेन, नॅचरोजेस्ट ह्या त्यातल्या. डुफास्टोन वेगळी, तिच्यात डायड्रोजेस्टेरॉन असतं, ती तोंडानेच घ्यायची आणि तिने झोप कमी येते. काम मिळतंजुळतं, पण दोन्ही एकच नाहीत, एक संपली म्हणून घरात पडलेली दुसरी घ्यायची नाही.

आता खरं बोलायचं तर ही गोळी प्रत्येक गरोदर बाईला लागते असं अजिबात नाही. ब्रिटनमध्ये प्रिझम नावाचा मोठा अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला, सुरुवातीच्या दिवसांत डाग दिसलेल्या 4153 बायका होत्या त्यात. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. बाळंतपणापर्यंत पोचल्या 75 टक्के आणि 72 टक्के, म्हणजे सरसकट बघितलं तर फरक इतका थोडा की खात्रीने फायदा म्हणता येत नाही. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भ पडलेले आणि आता परत डाग दिसत होते त्यांच्यात 72 विरुद्ध 57, हा फरक लहान नाही. त्यानंतर 2021 मध्ये तिकडच्या सरकारी नियमावलीत आलं की डाग आहेत आणि आधी एकदा तरी गर्भ गेलाय अशा बाईला ही द्यावी, 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, खालून. म्हणजे औषध पोकळ नाही आणि जादूही नाही. लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत मुळात गुणसूत्रांचाच दोष असतो, तिथे कुठलीच गोळी काही करू शकत नाही. हे लिहिताना हात थोडा अडखळतो, पण नंतर "माझीच एक गोळी चुकली होती म्हणून झालं" असं म्हणत वर्षभर रडणाऱ्या बायका ह्याच काउंटरवर बघितल्यात, म्हणून लिहिते.

टेस्ट ट्यूबवाल्यांचं मात्र वेगळं आहे. गोठवून ठेवलेला गर्भ सोडला असेल आणि पिशवी औषधांवर तयार केली असेल तर त्या महिन्यात स्वतःची ती पिवळी गाठ तयारच होत नाही, सगळी भिस्त बाहेरून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनवर. तुम्ही डोस चुकवायचा नाही, मोबाईलला अलार्म लावा, आणि चुकलाच तर त्याच दिवशी सेंटरला फोन करा.

खालून ठेवायची असेल तर

इथे जरा निवांत सांगते कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हात साबणाने धुवा, नखं कापलेली हवीत. कॅप्सूल मऊ असते, मोत्यासारखी, जोरात दाबायची नाही. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या, किंवा एक पाय स्टुलावर ठेवून उभ्याने, जसं जमेल तसं, आणि बोट जितकं आरामात जाईल तितकी आत सरकवा. फार आत गेली तर हरवेल ही भीती नको, तो रस्ता पुढे बंद आहे. मग अर्धा तास आडवं राहायचं, म्हणून रात्रीची झोपतानाच ठेवा, सकाळची असेल तर उठल्यावर लघवीला जाऊन या, ठेवा आणि अर्धा तास परत पडा, चहा दुसऱ्या कुणालातरी करू द्या.

नंतर पांढरं, तेलकट काहीतरी बाहेर येतं, कधी कवचाचा चुरगळलेला तुकडापण. रात्री अकराला फोन येतात, गोळी बाहेर पडली हो सगळी! सगळी नाही पडत ताई, आतलं औषध तेलात असतं, ते शोषलं गेलं की तेल आणि कवच उरतं, तेच येतं. लगेच दोन-पाच मिनिटांत अख्खीच्या अख्खी निसटली तर मात्र डॉक्टरांना विचारा, मनाने दुसरी ठेवू नका. पातळ पॅड लावा. आत ठेवायचं टॅम्पॉन नको, ते औषधच शोषून घेतं. आणि आतून डेटॉलने किंवा जाहिरातीतल्या वॉशने धुवायचं नाही, साधं पाणी, बाहेरून, बास. खाज सुटली, हिरवट पिवळं जायला लागलं, घाण वास आला तर ते गोळीचं नसून इन्फेक्शन असू शकतं, दाखवून घ्या.

डाग सुरू झाले की बऱ्याच जणी खालून ठेवायचं आपणहून बंद करतात, भीतीपोटी. असं करू नका. फोन करून विचारा, रक्त जास्त असेल तर डॉक्टर तोंडाने किंवा इंजेक्शनने देतील, ते त्यांना ठरवू द्या.

तोंडाने असेल तर

झोप आणि गरगरणं. गिळलेलं प्रोजेस्टेरॉन लिव्हरमधून जाताना त्याचं असं काहीतरी बनतं जे मेंदूवर झोपेच्या औषधासारखं काम करतं, म्हणून दोष तुमच्या अशक्तपणाचा नाही आणि "हल्लीच्या मुलींना काही सोसतच नाही" हे तर अजिबातच नाही. जेवणाबरोबर घेतली तर जास्त शोषली जाते आणि गरगरणंही वाढतं, म्हणून बरेचसे डॉक्टर जेवणानंतर दोनेक तासांनी, झोपताना घ्यायला सांगतात. घेतल्यावर स्कूटी चालवायची नाही, गच्चीच्या जिन्यावर नको, रात्री लघवीला उठताना आधी कडेवर बसा, मग उभ्या राहा. दिवसाही फारच गुंगी राहत असेल तर सहन करत बसू नका, डॉक्टर वेळ किंवा प्रकार बदलून देतात.

नावापुढे एसआर असेल तर ती हळूहळू सुटणारी गोळी, तोडायची नाही, चावायची नाही, आणि खालून तर ठेवायचीच नाही. 300 एसआर नाही म्हणून 200 ची साधी आणि 100 ची साधी असा हिशोब कुठला दुकानदार करून देत असेल तर घेऊ नका, आम्ही दिला तरी घेऊ नका.

इंजेक्शन बहुतेक तेलातलं असतं, दुखतं, बसताना कळ येते, कधी गाठ राहते. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्याच्या फडक्याने शेकलं तर बरं वाटतं, बाजू आलटूनपालटून घ्या. जागा लाल, गरम झाली किंवा ताप आला तर दाखवा. आणि शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, काही इंजेक्शनांत आणि काही कॅप्सूलमध्ये ही तेलं असतात. पूर्वी कधी पायात रक्ताची गाठ झाली असेल, कावीळ किंवा लिव्हरचं दुखणं असेल, तेही.

बाकी छाती दुखरी होणं, पोट फुगणं, बद्धकोष्ठ, उगाच रडू येणं हे सगळं होतं, काही गोळीने, काही दिवस गेलेत म्हणून, वेगळं काढता येत नाही. पाणी, फळं, रात्रीचा थोडा भाजीपाला, आणि नाहीच झालं तर डॉक्टरांना विचारून इसबगोल भरपूर पाण्यातून. एरंडेल नको, आजी कितीही प्रेमाने आणून देवो.

ह्यातून एक महत्त्वाचं निघतं, ते नीट वाचा. मळमळ, छाती भरणं हे गोळीनेही होत असल्यामुळे लक्षणं आहेत म्हणजे बाळ छान आहे असं धरता येत नाही. आणि आतलं बाळ थांबलं असेल तरी गोळी चालू असताना रक्तस्राव उशिरा सुरू होऊ शकतो, वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून सोनोग्राफीची तारीख पुढे ढकलायची नाही, "गोळी चालूय ना, मग जळगावला कशाला चक्कर" असं घरचे म्हणाले तरी. ठोके दिसले की नाही ते मशीनच सांगतं.

चड्डीला थोडा तपकिरी डाग आला तर घाबरून जाऊ नका, बोट लागूनही कधीकधी येतो, पण त्याच दिवशी फोन करून सांगा, रंग आणि किती ते लक्षात ठेवा. मात्र तासाभरात पॅड भिजतोय, गाठी पडतायत, ओटीपोटात एकाच बाजूला कळ धरलीय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय, ह्यातलं काहीही झालं तर फोन-बिन नाही, सरळ दवाखाना. रिक्षा मिळत नसेल तर 108, गरोदर बाईसाठी 102 पण आहे. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेततं आणि तिथे ह्या गोळीचा काही उपयोग नाही. पाय एकदम सुजून दुखायला लागला, छातीत दुखलं, धाप लागली, डोळे पिवळे झाले, तरी तसंच.

एखादा डोस विसरलात तर (टेस्ट ट्यूबवाल्यांनी वर सांगितल्याप्रमाणे सेंटरला फोन करायचा, बाकीच्यांनी) आठवल्यावर घ्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नकोत.

आपल्याकडचा उन्हाळा सांगायला नको. पारा 45 ला टेकला की ह्या कॅप्सूल मऊ पडतात, पत्त्यातच चपट्या होतात, गळतात. एक दादा स्ट्रिप गाडीच्या डिकीत टाकून दुपारभर ऑफिसला बसले, संध्याकाळी आणून दाखवली तर चाराच्या चार कॅप्सूल फॉइलला चिकटलेल्या. मे महिन्यात गोळ्या शेवटी घ्या आणि सरळ घरी जा, खोलीतल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवा, गॅसजवळच्या फडताळात नाही, देवघरात दिव्याशेजारी तर नाहीच. पाकिटावर छापलेलं तापमान बघा, फ्रीज लागतो का ते त्यावरून कळेल.

एकदम महिन्याभराच्या घेऊ नका. आमचा धंदा आहे तरी सांगते, दहा दिवसांच्या घ्या, पुढच्या सोनोग्राफीनंतर डॉक्टर बदलतात, पैसे अडकतात. चिठ्ठी लागतेच, आणि सुटी कापून दिली तर तारीख असलेला तुकडा मागून घ्या.

आणखी एक, दर दोन महिन्यांनी कुणीतरी हळूच विचारतं, ह्याने मुलगा होतो का. मुलगा की मुलगी ते गर्भ धरतो त्याच क्षणी ठरलेलं असतं, गोळी येते नंतर. तसंच दिवसरात्र पडून राहिल्याने गर्भ टिकतो ह्यालाही आधार नाही, डॉक्टरांनी खास सांगितलं नसेल तर घरातली हलकी कामं, थोडं चालणं चालतं. हंडे उचलू नका इतकंच.

काउंटरवर बोलायला अवघड वाटलं तर उजवीकडच्या छोट्या दारातून आत या, तिथे स्टूल आहे, दुपारी 2 ते 4 मी एकटीच असते. चिठ्ठी घेऊन या, मी त्यावर पेनने 'वरून' की 'खालून' ते मोठ्या अक्षरात लिहून देते. आणि डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यावर उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नका, शेजारच्या कुणाला डाग दिसले म्हणून काढून देऊ नका, आमच्याकडे आणून द्या.