तारापोरवाला मत्स्यालय, मुंबई

तारापोरवाला मत्स्यालय हे मुंबईत मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटांवर असलेलं सरकारी मत्स्यालय, राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचं. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झालं, खर्च आला साधारण 8 लाख रुपये आणि त्यातले 2 लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले, म्हणून त्यांचं नाव. मुंबईतल्या कित्येक पिढ्या शाळेच्या सहलीत रांग लावून इथे येऊन गेल्यात, आणि गावाहून पाहुणे आले की राणीची बाग आणि तारापोरवाला हे ठरलेलंच.

2015 मध्ये मोठं नूतनीकरण होऊन ते परत उघडलं आणि तेव्हा सगळ्यात गाजला तो 12 फूट लांबीचा अॅक्रिलिकचा बोगदा, डोक्यावरून आणि दोन्ही बाजूंनी मासे जातायत आणि आपण मधून चालतोय. लांबी तशी कमीच, पण लहान मुलं तिथून हलायचं नावच घ्यायची नाहीत.

समुद्राचे आणि गोड्या पाण्याचे मासे वेगवेगळ्या टाक्यांत असायचे. आरोवाना गोड्या पाण्यातला, तर क्लाउनफिश, ट्रिगरफिश, कासवं, तारामासे, पाकट हे खाऱ्या पाण्यातले. माझ्या मते खरी बघायची गोष्ट पाकटच, कारण आपण तो बाजारात कोळणीच्या पाटीत किंवा कापलेला बघितलेला असतो, इथे तो कडा लाटेसारख्या हलवत अक्षरशः उडायचा. काचेला पोट लावून वर आला की हसरा चेहरा दिसतो ना, त्यातले डोळे वाटतात ते डोळे नसतात, नाकपुड्या असतात, डोळे पाठीच्या बाजूला. वाळूत लपून बसल्यावर तोंड खाली दबलेलं असतं म्हणून डोळ्यांमागच्या भोकांतून तो पाणी आत ओढतो. मोरे ईल, म्हणजे वामसारखा लांबडा मासा, सारखा तोंड उघडतो-मिटतो त्याला मुलं घाबरतात पण तो फक्त श्वास घेत असतो. क्लाउनफिशच्या कुटुंबात सगळ्यात मोठी ती मादी, आणि ती मेली की तिचा नरच मादी बनतो.

अजून एक, सपाट काचेतून मासा खऱ्यापेक्षा जवळ आणि मोठा दिसतो, पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो म्हणून.

टाकीमागचं काम मात्र कुणाला दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विष, म्हणून फिल्टरमध्ये बॅक्टेरिया वाढवावे लागतात जे त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. नवीन मासा आला की आधी वेगळ्या टाकीत ठेवायचा, नाहीतर एकाचा रोग सगळ्यांना. आणि हो, काचेवर टकटक करू नका, फ्लॅश मारू नका, मासा पळून जाणार कुठे, त्याला तेवढीच जागा आहे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मत्स्यालय बंद झालं आणि लॉकडाऊन उठल्यावरही बरीच वर्षं उघडलं नाही, तेव्हा जायचं ठरवलंत तर आधी चौकशी करा. कोकणात असाल तर रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आहे, तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा ठेवलाय, त्याच्याशेजारी उभं राहून एकदा वर बघाच.